क्रांती चौकातला कप्तान

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. अक्षदा,

सलाम आणि आशीर्वाद, दोन्ही घे. जावईबापूंना नमस्कार सांग. इकडं सगळं बरं आहे. थंडी पडली तसा अब्बांचा गुडघा कुरकुरायला लागलाय, पण दुकानात येऊन बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. तुझ्या महेजबीनभाभीची साखर ताब्यात आहे, तोंड नाही. तिनं तुला खास सलाम सांगितलाय.

परवा फोनवर तू म्हणालीस, तोंडी नको अझरभाई, तोंडी तू विषय बदलतोस, लिहून दे. मास्तरीणबाईंची शाळेतली सवय घरी आली वाटतं. तर हा घे निबंध.

तू सांगितलंस ते आधी मांडतो, चुकलं तर लाल पेननं खूण कर. काकूंच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि तुम्ही दोघी मायलेकी रिक्षानं स्टेशनला निघालात. क्रांती चौकात गाड्या तुंबलेल्या. समोर माझ्या पुस्तकाचा फ्लेक्स, त्याच्यावर माणसाएवढ्या उंचीचा कप्तानाचा चेहरा. काकू रिक्षातून उतरल्या आणि म्हणाल्या, हा माझा हनुमान आहे, माझं लेकरू. तू म्हणालीस, आई, नवी नजर आहे, फसते. त्या म्हणाल्या, जुनी फसत व्हती, ही नाय. तुमची गाडी चुकली.

आता तुझा प्रश्न. काकू म्हणतात, एकोणीस वर्षांपूर्वी घरातून गेला तेव्हा माझ्या लेकराची दाढी काळी होती, इथं पांढरी झाली आहे. आणि डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे, ती तेव्हा नव्हती. म्हणजे अझरनं त्याला नंतर कधी तरी बघितलंय. असंच ना?

तर ऐक. तू तेव्हा दोन वर्षांची, तुझं नाक पुसायला पण आम्हीच होतो. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'ध्रुव के पार' लागायची. तेव्हा आम्हीही लासूरला, तुमच्या शेजारीच, आणि टीव्ही आमच्या घरी. हनुमान मेंढरं कुणाच्या तरी गळ्यात मारून पळत यायचा आणि अम्मीच्या हातचा चहा पीत बसायचा. यान म्हणजे रंग दिलेला पत्रा, परग्रह म्हणजे कुठली तरी खडीची खाण. आम्हाला काय त्याचं! शेवटच्या भागात कप्तान अभय बाकीच्यांना वाचवायला छोटं यान घेऊन एकटाच धुळीच्या ढगात शिरला, पडद्यावर 'क्रमशः' आलं, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला कसली तरी मुलाखत लागली. मालिका तिथंच बंद. मी म्हणालो, मेला कप्तान. हनुमान माझ्या अंगावर आला. मेलेला दाखवला का? नाय ना? मग हाय. महिनाभर तो दर रविवारी येऊन मुलाखती बघत बसला.

आता इतक्या वर्षांनी पुण्याच्या विश्वजीत नावाच्या प्रकाशकानं मालिकेचे हक्क घेतले. पुढची गोष्ट चित्रकथेत करायची, तीन भाग, मराठीतून. अब्बांच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवायचो तेव्हापासून मी चेहरे काढत आलोय, म्हणून काम माझ्याकडं आलं. तीस-पस्तीस पानं झाली आणि कप्तानाचं काम केलेल्या नटाच्या पोरांनी कळवलं, नाव वापरा, यान वापरा, आमच्या वडलांचा चेहरा वापरायचा नाही. विश्वजीत म्हणाला, माणूस वीस वर्षं ढगात होता, चेहरा बदलला म्हणू, सोमवारपर्यंत दुसरा द्या. मी बसलो आणि हातातून जो उतरला तो दिला. एवढीच गोष्ट.

दाढीचं म्हणशील तर माझी पांढरी झाली, मग त्याची काळी कशी ठेवू? आणि खुणेचं काय, कप्तानाला एखादी खूण शोभते. लढाया मारतो तो. उगीच दिली.

त्यापलीकडं काही नाही. काकूंना समजाव. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन वेळेवर करून घ्या.

तुझा भाऊ,
अझहर

* * *

औरंगपुरा
१७ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. मायना नाही, कुशल नाही. "खूण उगीच कुणी देत नाही. कुठून आली ते लिही, नाहीतर मी आईला अडवणार नाही." वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. तेवढ्यात काल काकू स्वतःच इथं आल्या.

सकाळच्या गाडीनं, एकट्या. डोळ्याला काळा चष्मा, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. स्टेशनवरून रिक्षा केली आणि औरंगपुऱ्यात येऊन बोर्ड रंगवणाऱ्या फारूख पेंटरचं घर विचारलं. पेंटरचं दुकान फ्लेक्सचं होऊन वीस वर्षं झाली, तरी लोकांनी बरोबर आणून सोडलं.

अब्बांशी त्या तुझ्या वडलांच्या, बिरूकाकांच्या गोष्टी बोलल्या. महेजबीनच्या हातचा चहा प्यायल्या. मग माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, दाखव. मी टॅबवर पानं दाखवली. दोन बोटांनी चित्र मोठं होतं हे त्यांनी एकदाच बघितलं आणि मग त्यांनीच चेहरा मोठा केला. इतका की नुसती भुवई आणि ती खूण राहिली.

"कवा भेटला तुला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही भेटला काकू, मनानं काढलंय. त्या म्हणाल्या, मनानं माणूस बारकं लेकरू काढंल, जसं बघितलं व्हतं तसं काढंल. म्हातारा कसा काढंल? मी काहीतरी बरळलो, की आमच्या धंद्यात वय वाढवायची युक्ती असते, गाल ओढायचे, केस विरळ करायचे. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, मी खोटं बोलतोय हे कळलं म्हणून.

पुढं काय व्हतंय त्याचं, असं विचारलं. मी सांगितलं की तिसऱ्या भागात कप्तान आपल्या घरी परत येतो. मग त्यांना ते पान बघायचं होतं. ते पान कोरं आहे, अक्षदा. पंधरा दिवस झाले, विश्वजीत रोज फोन करतो, आणि मला दार उघडणारी बाई काढता येत नाही.

आता मुद्द्याचं. अमावास्या झाली की शनिवारी मेंढरं राखणाऱ्या पुंजारामला घेऊन त्या मुंबईला निघणार आहेत. मुंबईलाच का, तर हरवलेली माणसं तिथंच सापडतात असं त्यांना कुणी तरी सांगितलंय. हनुमानच्या वाटणीची म्हणून राखलेली मेंढरं विकायला काढली आहेत. कानाला खूण केलेली ती मेंढरं त्यांनी बिरूकाका गेले तेव्हासुद्धा विकली नव्हती. जाताना मला म्हणाल्या, ह्या चेहऱ्याच्या वीस प्रती काढून दे, स्टेशनांवर चिटकवायच्या आहेत.

मी काढून दिल्या. चांगल्या जाड कागदावर. खाली माझा फोन नंबरही छापला. मी किती नालायक माणूस आहे ते तुला ह्यावरून कळेल.

त्यांना अडव. तू सांगितलंस तर ऐकतील. एका डोळ्याच्या जोरावर मुंबईत पायाखाली सापडतील कुणाच्या.

खुणेचं लिहितो. आज नाही होत.

अझहर

* * *

औरंगपुरा
२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

अक्षदा,

काकू मुंबईला गेलेल्या नाहीत. घरीच आहेत. पुंजारामची बायको भागूबाई त्यांच्याजवळ बसली आहे. हे पत्र वाचून संपलं की लासूरला जा. आधी वाचून घे, कारण काकूंनी मला पुंजारामकडून बजावलंय, अक्षीला तूच कळव, म्या माझ्या तोंडानं सांगायची नाय.

हनुमान नाही, अक्षदा. सोळा वर्षांपूर्वीच गेला. ११ एप्रिल २००९, शनिवार. मला माहीत होतं.

आता सगळं लिहितो, विषय बदलत नाही.

बिरूकाकांशी भांडून तो ट्रकवर गेला हे तुला माहीत आहे. काकांना तो मेंढरांमागं हवा होता, त्याला स्टेअरिंग हवं होतं. पहिली तीन वर्षं तो मला फोन करायचा आणि मी तुमच्या घरी निरोप पोचवायचो, बरा आहे, जेवतोय, गुजरात लाइनला आहे. स्वतःची गाडी घेईन तेव्हाच दारात येईन, असा त्याचा हट्ट होता. १० तारखेला संध्याकाळी फोन आला तो वापीजवळच्या एका दवाखान्यातून. ट्रक उलटला होता. त्याच्या खिशातल्या डायरीत एकच नंबर होता, दुकानाचा.

मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. डाव्या भुवईवर नुकतेच टाके घातलेले होते, सहा. काळा दोरा. मी दोन तास त्याच्याजवळ बसलो आणि दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून ते टाकेच मोजत राहिलो. दुपारी गेला. पुस्तकात मी ती खूण जुनी, भरून आलेली काढली. ती कधी भरली नाही.

दवाखान्यात विचारलं, कोण तुम्ही? मी भाऊ म्हणून सही केली. ट्रकच्या मालकाचे दोघे होते, त्यांनी लाकडं आणली. अग्नी मी दिला. मला काही येत नव्हतं, तिथला माणूस सांगेल तसं करत गेलो. दुसऱ्या दिवशी अस्थी घेऊन निघालो आणि कायगाव टोक्याला उतरून गोदावरीत, आपल्या गंगेत सोडल्या. तिथून सरळ तुमच्याकडं, लासूरला. सांगायलाच आलो होतो, तुझ्या गळ्याची शप्पथ.

तुमच्या दारात मांडव पडला होता. तुझ्या लग्नाला सहा दिवस होते. काकू आणि बायका हळद दळत होत्या. तू ओट्यावर बसून बांगड्या मापाला घालून बघत होतीस आणि मला बघून हसलीस. बिरूकाका मेखा ठोकत होते, ते उठून आले, माझा हात धरला, आणि म्हणाले, अझर, येईल का रं लग्नाला? येवढं भांडण धरून बसंल का?

मी म्हणालो, "येईल काका, जमलं तर."

झालं एवढंच. हे चार शब्द. सख्खा भाऊ गेला म्हटल्यावर सुतक आलं असतं, मांडव मोडला असता, आणि तुझ्या सासरकडची माणसं थांबली असती का नाही कुणाला ठाऊक. लग्न होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. ह्यात तुझा केसाइतकाही दोष नाही. झालं तसं सांगतोय, तुझ्या लग्नाच्या आड लपत नाही. कारण लग्नानंतर रविवार किती आले! मी एकदाही उठून आलो नाही. एक महिना झाल्यावर कसं सांगायचं कळेना. वर्ष झाल्यावर तर तोंडच राहिलं नाही. मग म्हणायला लागलो, फोन लागत नाही, नंबर बदलला असेल. बिरूकाका शेवटच्या आजारात मला विचारायचे आणि मी त्यांच्या उशाशी बसून तेच सांगायचो. ते वाट बघत गेले. ते माझ्यामुळं.

आणि पुस्तक आलं तेव्हा हात आपोआप त्याच्याकडं गेला. मला तो म्हातारा झालेला बघायचा होता, अक्षदा. माझ्या बरोबरीनं. पानामागून पान मी त्याला बोलायला लावत होतो, आणि मला लई बरं वाटत होतं. काकू चौकातून जातील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांना तर दिसतच नव्हतं ना आजवर.

काकू प्रती घेऊन गेल्या त्या दिवशी महेजबीननं विचारलं, तुमचं काय बिनसलंय? तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इत्ते साल आप उनके घर की रोटी खाते रहे?" त्यानंतर अजून माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, बोलत नाही.

काल जुम्मा होता. मी दुकान उघडलं नाही, सकाळच्या गाडीनं लासूरला गेलो. काकूंनी मुंबईची पिशवी भरून ठेवली होती. पुंजाराम मेंढरं वेगळी काढत होता. मी ओट्यावर बसलो आणि बसल्या बसल्या सांगितलं. फोडणी दिली नाही, रडलो नाही. म्हणालो, काकू, हनुमान ट्रक उलटून गेला, तुमच्या अक्षदाच्या लग्नाआधी आठ दिवस. मी जवळ होतो. मीच जाळला. तुम्हाला सांगितलं नाही.

त्यांनी आधी पुंजारामला हाक मारून मेंढरं परत कोंडायला सांगितली. मग काळा चष्मा काढला आणि मला एकेक विचारायला लागल्या. तहानलेला होता का? काही बोलला का? अंगात कोणता सदरा होता? मी माहीत होतं तेवढं सांगितलं. बोलला नाही. सदरा निळा. पाणी मी कापसानं ओठाला लावलं होतं. अस्थी कुठं सोडल्या, तेही विचारलं. मी कायगाव म्हणालो तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. रागावल्या नाहीत, आणि मला वाटायला लागलं की आता रागावत नाहीत. माणूस किती हलकट असतो बघ. मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी तिथी विचारली.

मला तारीख पाठ होती, तिथी माहीत नव्हती. पुंजारामनं मोबाईलवर शोधली. चैत्र वद्य द्वितीया. काकू दोनदा स्वतःशी पुटपुटल्या, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"दरसाल पितरं जेवू घातली म्या. सासऱ्याला घातलं, सासूला घातलं, ह्यांना घातलं. त्याला नाय घातलं. जित्या लेकराच्या नावानं घास कसा काढू? सोळा वर्षं माझं लेकरू दाराबाहेर उपाशी उभं ठिवलंस तू, अझर."

मग त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

अक्षदा, मी दरसाल त्या दिवशी त्याच्यासाठी दुआ मागितली आहे, एक वर्ष चुकवलं नाही. मला वाटायचं, बातमी लपवली, त्याचा त्रास झाला तो तुम्हाला. हनुमानचं आता काय जातंय. तुमच्याकडं दरसाल ते ताट मांडताना मी बघितलं होतं. त्या ताटात हनुमानचाही वाटा असतो, आणि तो मी अडवून धरलाय, हे मला एकदाही सुचलं नाही. बाकीच्या सगळ्याची मी मनाशी कारणं तयार ठेवली होती. ह्याला माझ्याकडं काही नाही.

परत आलो तो आधी क्रांती चौकात गेलो, शिडी मागून घेतली आणि फ्लेक्स उतरवला. विश्वजीतला कळवलंय की तिसरा भाग माझ्याकडून होणार नाही, आणि पहिल्या दोन्हींतला चेहरा पण काढून टाका. तो चिडलाय, करारावर बोट ठेवतोय. बघू.

माफी मागत नाही. ती मागण्याइतकी माझी जागा राहिलेली नाही, आणि तू दिलीस तरी ती ठेवायला माझ्याकडं जागा नाही. तू लासूरला जा. काकूंनी कालपासून काही खाल्लेलं नाही, असं पुंजाराम फोनवर म्हणाला. भागूबाईनं केलेली भाकरी तशीच आहे. आधी त्याचं ताट मांडू, मग बघू, असं म्हणतात. कुणी तरी घरचं लागतं त्याला, आणि आता तूच आहेस. पुढं दरसाल तिथी चुकू नये म्हणून पुन्हा लिहितो: चैत्र वद्य द्वितीया.

त्याला गहू आणि गुळाची खीर आवडायची. ती कर.

अपराधी,
अझहर फारूख